ग्रंथालयासाठी राबलेल्या हातांना

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं रूप पालटणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची नावं कुठल्याच फलकावर नाहीत, म्हणून हे लिहितोय.

जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि परीक्षाही त्याच सुमारास. वाचनकक्षात दुपारी बसवत नसे. कुणीतरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, रोज कूलरमध्ये पाणी भरलं, टेबलांजवळ चार्जिंगचे पॉइंट काढून दिले. यावल, चोपड्याहून एसटीने येणारी पोरं आता शेवटच्या गाडीपर्यंत तिथेच अभ्यास करतात. घरी अभ्यासाला वेगळी खोली कितीजणांकडे असते?

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या कपाटांवरच्या पट्ट्या. पूर्वी नुसता ६३०, ३३० असा ड्युईचा, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीतला, आकडा असायचा. आता त्याखाली ठळक मराठीत ‘शेती’, ‘अर्थशास्त्र’ लिहिलंय, तेही इतक्या सुबक अक्षरात की लांबूनच वाचता येतं. पहिल्या वर्षाची मुलगी कुणाला न विचारता थेट हव्या त्या कपाटाशी जाते. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांपैकी एक. तो इथे खरोखर पाळला गेलाय.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या पेन्सिलच्या खुणासुद्धा आम्हाला उपयोगी पडतात. आणि कुलूप लावण्याआधी प्रत्येक मुलीला रिक्षा मिळाली का, हे बघणारे वॉचमनकाका, तुमचे उपकार फार मोठे आहेत. सगळ्यांनी एकदा या, चहा आमच्याकडून.