चपळ पाहिली, बाबा

कारवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न.

रविवारी चिनूला इथल्या टागोर किनाऱ्यावर नेलं होतं. तिथे 'आयएनएस चपळ' ही क्षेपणास्त्र बोट पाण्याबाहेर काढून ठेवली आहे. आतला जिना शिडीसारखा उभा. चिनू सरसर उतरला. मी पाठमोरी, दोन्ही हातांनी घट्ट धरून. बोट जेमतेम 39 मीटर. "एवढीच?" म्हणाला लेकरू.

शेजारी एक गृहस्थ आपल्या पोराला सांगत होते, 71च्या पाकिस्तान युद्धात हिनंच कराची पेटवली. बाबा, तुम्ही असता तर तिथंच जुंपली असती! चपळ नौदलात आली 1976 मध्ये. हिच्यावर क्षेपणास्त्रांची गोल नळकांडी आहेत. 71च्या बोटींवर चौकोनी पेट्या होत्या, हे तुम्हीच कितीदा सांगितलंय. मी गप्प राहिले खरी, पण रात्री चिनूला सगळं सांगितलं.

त्या बोटी रशियाहून आल्या तेव्हा एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून कलकत्त्याला उतरवून, दोर बांधून ओढत मुंबईला आणल्या. खरं तर किनाऱ्याची राखण करायच्या बोटी, लांब पल्ल्याच्या नव्हेतच. पण ओढत एवढ्या लांब येतात, तर कराचीच्या दारात का नाही जाणार? 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर गेल्या, सोबत किल्तान आणि कच्छल या मोठ्या युद्धनौका. रात्रच निवडली, कारण पाकिस्तानी विमानांना अंधारात हल्ला करणं जमत नव्हतं. निर्घातचं क्षेपणास्त्र लागलं तरी पाकिस्तानी विनाशिका 'खैबर'वाल्यांना वाटलं, विमानानंच मारलं. त्यांच्याच 'मुहाफिझ' या सुरुंग काढणाऱ्या जहाजाला तर संदेश पाठवायलाही वेळ मिळाला नाही. इथे चिनू गप्प झाला. आई, तूही अशीच गप्प व्हायचीस, त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असेल म्हणून.

चार दिवसांनी 'विनाश' गेली, तलवार आणि त्रिशूलच्या सोबतीनं. तिची चारही क्षेपणास्त्रं सुटली आणि कराची बंदरातल्या किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या.

आई, तुमच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते ना? लालबागच्या खोलीत खिडक्यांना खळीनं काळे कागद चिकटवून तू बसलेली, आणि बाबा रात्र रात्र गोदीत. ते कुठल्या बोटीवर काम करतात हे तुला लढाई संपल्यावर कळलं, असं तू म्हणायचीस. बोटीचं नाव मात्र मी विसरले. तेव्हा कान देऊन ऐकलं नाही, कबूल.

दिवाळीला आम्ही येतोय. बाबा, कानाचं यंत्र काढून ठेवू नका. ओढायचा दोर केवढा जाड असतो, तारेचा की सुताचा, आणि भर समुद्रात तुटला तर काय करायचं, हे चिनूला तुमच्याकडूनच ऐकायचंय. मला विचारून झालं, मला सांगता आलं नाही.

तुमची,
सुमी