खेड्याचं नाव पुढे करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या शृंगारिक कादंबऱ्यांवर सिनेमे काढण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातलं एक वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. असे प्रसंग म्हणे ग्रामीण प्रेक्षकाला पचणार नाहीत. मी गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका खेड्यात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी यादीतलं सगळ्यात लहान, वाचनालय सत्तावीस वर्षं सांभाळलं. इथल्या माणसाला काय पचतं, याची नोंद माझ्या देवघेव रजिस्टरात आहे.

रोवणी आटोपली की आमच्याकडे बायांची वर्दळ वाढायची. चिखलात दिवसभर वाकून कंबर मोडलेली, तरी संध्याकाळी पुस्तक बदलायला हजर. धार्मिक पुस्तक वर, त्याच्याखाली ती दुसरी कादंबरी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. (कव्हर बहुधा आपल्याच दैनिकाचं असायचं, राग नसावा.) मी रजिस्टरात दोन्ही लिहायची आणि मोठ्याने एकाचंच नाव घ्यायची. कोणाचा संसार त्यामुळे बुडाल्याचं ऐकिवात नाही.

लेखात 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'चा दाखला आहे, त्यावरच बोलू. 2011 साली ही कादंबरी आली आणि तिचे तिन्ही भाग मिळून जगभर दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. 2015 मध्ये सिनेमा आला, तो आपल्या सेन्सॉर बोर्डाने नाकारला. नाकारला म्हणून बघायचा कोण राहिला, हा प्रश्न वेगळा. माझी भाची तेव्हा नागपूरला नर्सिंग शिकत होती. होस्टेलच्या मैत्रिणीकडून तिने कादंबरी वाचली होती, सिनेमा मोबाइलवर पाहिला. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, पुस्तकात ते पोरगी सारखी सोताशीच बोलत रायते, लाजते, सोताचीच टर उडवते. सिनेमात निस्ती ओठ चावते."

लेखकाने तीन रकाने खर्चून जे सांगितलं नाही, ते पोरीने दोन वाक्यांत सांगितलं. ती कादंबरी सगळी नायिकेच्या 'मी'ने सांगितलेली आहे. भाषा काही थोर नाही, तेच तेच शब्द फिरून येतात, मीसुद्धा ती पाच पानांच्या पुढे सहन केली नसती. पण ज्या बायांनी ती विकत घेतली त्यांनी एका बाईच्या डोक्यात बसण्यासाठी पैसे मोजले होते. पडद्यावर आल्यावर ते डोकं गेलं आणि अंग उरलं. दिग्दर्शिका बाई होती, लेखिका बाई होती, तरी असं झालं. दोघींचं जमलं नाही हे दिग्दर्शिकेने पुढे स्वतःच सांगितलं. नंतरचे दोन भाग तिने केले नाहीत, त्यांची पटकथा लेखिकेच्या नवऱ्याने लिहिली. कादंबरीशी इमान राखायचं म्हणजे प्रसंग जसेच्या तसे ठेवायचे, अशी समजूत असली की असं होतं. प्रसंग राहतात. ते सांगणारी जाते.

मराठीत याच्या उलट घडलं आहे, आणि त्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 मध्ये न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. शरीरसंबंधांचा नुसता उल्लेखसुद्धा अश्लील ठरवायचा तर मग धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच यायचं नाही, असा त्या निकालाचा रोख होता. (माझ्या वाचनालयात धार्मिक पुस्तकंसुद्धा दुसऱ्या पुस्तकाला झाकायला लागायची, हे न्यायमूर्तींना कुठून ठाऊक असणार!) आणि त्याच साली त्याच काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून राज खोसलांचा 'दो रास्ते' आला. एकत्र कुटुंब, सावत्र भाऊ, घर फोडणारी सून. आयाबायांनी पदर डोळ्याला लावून तो पाहिला. अश्लीलतेचा शिक्का बसलेल्या लेखकाला सिनेमाने घरात घेतलं ते असं, शृंगार उंबऱ्याबाहेर ठेवून. एका ठिकाणी अंग ठेवून मन काढलं, दुसऱ्या ठिकाणी घर ठेवून शेज काढली. मला विचाराल तर दोन्ही वाटा भित्र्यांच्या. पण 'दो रास्ते'ने निदान आपण काय करतो आहोत याबद्दल खोटं सांगितलं नाही.

आता 'ग्रामीण प्रेक्षक'. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं चालतात. कंपन्यांचा बाजार वडसा-देसाईगंजला. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे पडतो, आणि नातू मांडीवर घेऊन म्हातारी शेवटपर्यंत बसते. त्याआधीपासूनचं आमचं लोकनाट्य म्हणजे खडी गंमत. बायकी लुगडं नेसलेला पोरगा आणि शाहीर यांच्यात जे सवालजवाब चालतात ते इथे छापायची हिंमत आपण करणार नाही. दोन अर्थांपैकी एक पोरांना कळतो, दुसरा मोठ्यांना, आणि कोणाला कोणता कळला हे हसण्याच्या आवाजावरून सगळ्या मांडवाला समजतं. याच भागात काही वर्षांपूर्वी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आडोशाने 'डान्स हंगामे' सुरू झाले, तिकीट लावून, बंद तंबूत. तिथे शब्दच नाही, नुसतं अंग. पोलीस केसेस झाल्या, बायांनीच तक्रारी केल्या. ज्या बाया खडी गंमतीत पोट धरून हसतात त्याच. तेव्हा पचतं काय आणि पचत नाही काय, हे आमच्याकडे जुनंच ठरलेलं आहे. त्यासाठी मुंबईच्या कात्रीची गरज नाही.

शृंगार शब्दात कसा राहतो याचा नमुना माझ्याच कपाटात होता. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, सातवाहन राजा हालाची 'गाथासप्तशती', प्राकृत गाथांचा जुना संग्रह. सत्तावीस वर्षांत ती तिघांनी नेली, त्यातले एक गुरुजी, परत करायला विसरलेले. तिच्यातल्या एका गाथेत घरची सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते: इथे सासू निजते, इथे मी, दिवसाच नीट पाहून ठेव रे, तुला रात्री दिसत नाही, नाहीतर आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. संपलं. सगळं त्या बजावण्यात आहे. आता हे पडद्यावर कसं आणाल? अंधारातलं अंथरूण दाखवलंत तर गाथा मेली. मी सून दाखवीन, तिचा आवाज दाखवीन, आणि झोपेचं सोंग घेतलेल्या सासूचा चेहरा. सासूवर कॅमेरा जरा जास्त वेळ ठेवीन.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कोणी अशी मराठी कादंबरी सिनेमासाठी घेत असेल तर खुशाल घ्यावी, 'ए' प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि पोस्टरवर ते लपवू नये. पण आधी हे ठरवावं की गोष्ट कोण सांगतं आहे. बिछान्याचा प्रसंग किती मिनिटांचा, हे त्यानंतर.

जाता जाता एक. आमच्या वाचनालयात अशीच एक पॉकेट कादंबरी आहे, तिची चार पानं कोणीतरी फाडून नेली. नेमकी तीच. मी ती रद्दीत काढणार होते, पण मागणी थांबेना. नेणाऱ्या प्रत्येकीला परत करताना मी विचारायची, मधे काय झालं असेल गं? कोणी दोघांचं भांडण झालं म्हणायची, कोणी ती पळून गेली म्हणायची. एक साठीची आजी तर जे बोलली ते ऐकून मीच रजिस्टरात डोकं घातलं. ते पुस्तक अजून तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. एखाद्या पटकथाकाराला हवं असेल तर त्याने येऊन न्यावं. अनामत पन्नास रुपये, पंधरा दिवसांत परत.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
ता. आरमोरी, जि. गडचिरोली