हे झालंय, ताई

रामदासपेठेतल्या मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टर,

नाव विचारायचं राहून गेलं. तिथे सगळे तुम्हाला सिस्टरच म्हणत होते, म्हणून मीही तेच लिहिते.

परवा आम्ही बालीहून परतलो. मुलं धडधाकट आहेत, लहान्याचं नाक तेवढं उन्हाने सोललंय. बॅगा अजून उपसायच्या आहेत, पण आधी हे पत्र.

एप्रिलमधली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत नसेल. तुमच्यासमोर रोज कितीतरी मुलं रडतात. त्या दिवशी मुलांची आई रडत होती, ती मी. दोघांची लसीकरणाची कार्डं कूलरजवळच्या स्टुलावर ठेवायचा मूर्खपणा माझाच. टाकी भरताना पाइप निसटला आणि सहा वर्षांच्या नोंदींचा निळा चिखल झाला.

तुमच्याकडे येण्याआधी एका चकचकीत एसी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या मॅडमनी कार्ड चिमटीत धरून परत केलं. "काही वाचता येत नाही, सगळं नव्यानेच करू." लगेच ट्रॅव्हल पॅकेजचा कागद पुढे आला, दोघांचे मिळून २८,०००. कुठली लस कशासाठी, असं विचारलं तर उत्तर काय, तर "फॉरेनला चाललात ना?" टूरवाल्याचं वेगळंच, "काही लागत नाही, बिनधास्त जा." सासूबाई पॅकेजच्या बाजूने, नवरा टूरवाल्याच्या. आणि निष्काळजी आई कोण, यावर मात्र घरात एकमत.

तुम्ही कार्डांखाली कोरडा नॅपकिन अंथरलात. शाई गेली होती, पण कुपीवरून काढून चिकटवलेली नखाएवढी स्टिकरं शाबूत होती. चष्मा कपाळावर चढवून, मोबाईलच्या टॉर्चने तुम्ही एकेक वाचू लागलात. "टायफॉइड कॉन्जुगेट. हे झालंय, ताई. हिपॅटायटिस ए, झालंय. एमएमआर, झालंय." थोरलीचे जेईचे, म्हणजे जपानी मेंदूज्वराचे, दोन्ही डोस माहेरी सरकारी लसीकरणात झाले होते, ते तर मी विसरूनच गेले होते. मागच्या पानावरच्या बॉलपेनच्या पुसट रेघांतून तेही तुम्ही शोधलंत. मग मान वर करून म्हणालात, "काहून रडून राहिल्या? सगळं वेळेवर केलं आहे तुम्ही."

त्यानंतर जास्तच रडले, माफ करा.

तुमची ड्यूटी संपली होती, खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तरी बसून तुम्ही दोन्ही नवी कार्डं तारखांसकट लिहून काढलीत. सात हा आकडा तुम्ही पोटात आडवी रेघ मारून लिहिता, हे आता मला पाठ आहे. त्या एसीवाल्या मॅडमकडेही मोबाईल होता. त्यातही टॉर्च असणारच की.

पुढचं डॉक्टरांनी पाच मिनिटांत उरकलं. फ्लू आणि रेबीज, एवढंच. बालीत २००८पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे आणि आमचा लहाना शेपटी दिसली की धावतो. सात दिवसांच्या अंतराने दोन सुया. चावा झालाच तर पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागतात, पण महागडं, वेळेला न मिळणारं सीरम लागत नाही, एवढं मला पुरलं. उबुडला माकडाने त्याची टोपी पळवली तेव्हा मी किंचाळले नाही, ते त्या दोन सुयांमुळे. ओरखडाही नव्हता, पण तपासून पाहिलंच.

डेंग्यूचं विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "त्याची लस नाही ना आमच्याकडे. कूलरची टाकी दर आठवड्याला घासता का? तिथंही तोच दिवसा चावणारा डास." मग काय, बालीतही पूर्ण बाह्या आणि दिवसभर ओडोमॉस. आल्या आल्या टाकीही घासली.

नवी कार्डं आता गोदरेजच्या कपाटात, शालूच्या घडीत आहेत. लहान्याचा फ्लूचा दुसरा डोस बाकी आहे, शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. त्याला सांगून ठेवलंय, टॉर्चवाल्या मावशीकडे जायचं आहे. तो आतापासूनच रडतोय.

तुमची,
ओल्या कार्डांची ताई