दत्ताला, प्रचाराला जाण्याआधी

सांगली,
१ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल आधी माफी. बोलणं अर्धवट राहिलं आणि रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर मी तुझं पुरतं ऐकून घेत नाही, हे वहिनी नेहमी सांगतात ते खरंच आहे.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागणार, आपल्या गटातून ‘त्या’ साहेबांची बायको उभी राहणार आणि तू त्यांच्यासाठी घरोघर फिरणार, हे तू सहज सांगून गेलास. पतसंस्थेतल्या लोकांच्या ठेवी बुडवल्याबद्दल शिक्षा झाल्यामुळे साहेबांना स्वतःला उभं राहता येत नाही, एवढीच काय ती अडचण. मी चिडलो तेव्हा तू म्हणालास, “अरे, शिक्षा तर टिळकांनाही झाली होती. मग त्यांनाही उभं राहू दिलं नसतं का?”

आज सकाळी शेजारच्या शाळेतून ध्वनिक्षेपकावर पोरांची भाषणं ऐकू येत होती. तीच शेंगांची टरफलं, तेच “मी उचलणार नाही”. तुझा प्रश्न पुन्हा आठवला. खरं सांगतो, प्रश्न चांगला आहे. मी हिशोबच मांडला. आजच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं आठवं कलम असं आहे की, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की त्या दिवसापासून माणूस अपात्र, आणि सुटून आल्यावर आणखी सहा वर्षं. टिळकांना शिक्षा झाली २२ जुलै १९०८ ला, मंडालेहून ते परत आले जून १९१४ मध्ये. म्हणजे आजचा नियम तेव्हा असता तर त्यांची बंदी जून १९२० मध्ये संपली असती, आणि १ ऑगस्टला ते गेले. उरले असते जेमतेम दीड-दोन महिने. हे मोजताना अंगावर काटा आला. म्हणून नियम करताना हात सांभाळायला हवा, हे मला मान्य आहे.

पण दत्ता, टिळकांना शिक्षा झाली ती ‘केसरी’तल्या लेखांसाठी. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन त्यांच्या विरोधात गेले, दोन हिंदी ज्युरींनी त्यांना निर्दोष ठरवलं. फिर्याद सरकारची, कायदा सरकारचा, आणि त्या सरकारला इथल्या कुणी निवडून दिलेलं नव्हतं. टिळकांनी कुणाच्या ठेवी बुडवल्या नव्हत्या. या दोन शिक्षा तू एका पारड्यात टाकतोस, त्याचा मला राग आला.

दोन वर्षांची ही रेघ अगदी बरोबर आहे, असंही मी म्हणत नाही. २०२३ मध्ये राहुल गांधींना बदनामीच्या खटल्यात सुरतच्या कोर्टाने नेमकी दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा ती परत मिळाली. भाषणातल्या एका वाक्यासाठी मतदारसंघाने आपला माणूस गमवावा, हे मला पटत नाही. त्यांचा पक्ष मला आवडतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. मात्र लोकांचा पैसा खाल्ला, लाच घेतली, खून केला, बाईवर अत्याचार केला, आणि हे अपिलातही कायम झालं, तर सहा वर्षं कशाला? कायमचं घरी बसवावं. ‘कायमची बंदी घालायची की नाही हे संसदेने ठरवायचं’, असं केंद्राने याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय. ज्यांच्यावर बंदी घालायची, त्यांच्याच सभागृहाने ती घालायची. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय. त्यांच्याकडून मी किती आशा धरू?

आणि मला खरी आग लागते ती निकालापर्यंतच्या वर्षांची. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचंच घे. रोखे खरेदीसाठी बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये खासगी दलालांकडे गेले आणि रोखे आलेच नाहीत. गुन्हा नोंदला गेला २००२ मध्ये. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार पुढे २००९, २०१४, २०१९ असे निवडून येत राहिले, मंत्रीही झाले. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला, पाच वर्षांची शिक्षा. मग आमदारकी गेली. उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. अपील त्यांचा हक्क आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण एकवीस वर्षं, दत्ता! आमदार-खासदारांवरचे खटले आरोपनिश्चितीपासून वर्षभरात संपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं होतं. एकवीस वर्षांत ठेवीदारांच्या घरात किती लग्नं, किती दुखणी, किती मरणं झाली असतील. पुढे २०२४ ला केदारांच्याच सावनेर मतदारसंघातून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. तिथल्या लोकांनी त्यांना पाडलं. देवळालीत २०१४ ला उलटं झालं होतं. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात शिक्षा झालेल्या माजी मंत्री बबन घोलपांचा मुलगा निवडून आला. हा दरवाजा कायद्याने बंद करता येत नाही, करूही नये. बायकोने, मुलाने काय गुन्हा केला? तो लोकांनीच बंद करायचा असतो, आणि म्हणूनच मी हे तुला लिहितोय, वकिलाला नाही.

“लोकांचं कोर्ट सगळ्यात मोठं,” असं तू म्हणालास. तू मास्तर म्हणून लागलास तेव्हा तुझी चारित्र्य पडताळणी झाली होती की नाही? वर्गात उभं राहण्याआधी पोलिसांचा दाखला लागतो. जिल्हा परिषदेचं अख्खं अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्याला मात्र फक्त मतं लागतात? लोक मत देतात ते पुढच्या पाच वर्षांसाठी. मागचं माफ करण्याचा अधिकार ज्याचं बुडालं त्याचा आहे.

आता जे फोनवर बोलता आलं नाही, ते लिहितो. त्या पतसंस्थेत आईचे दोन लाख चाळीस हजार होते. शेवटच्या उसाचं बिल आणि बाबांच्या मागे उरलेलं थोडं, असं मिळून. गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले. शटर पडल्यानंतरही ती दर सोमवारी जायची, कारण कुणीतरी “पुढच्या सोमवारी या” म्हणालं होतं. पिशवीत ठेवपावती, पाण्याची बाटली. पायरीवर बसायची, कारण उभं राहवत नव्हतं. बँक असती तर ठेवविम्याचे तरी मिळाले असते, पतसंस्थेला तेही नाही. मी चिडून बोललो तर म्हणायची, “ते साहेब आपल्या दत्ताच्या ओळखीचे आहेत, देतील.” तुझ्या नावावर तिचा एवढा विश्वास होता. ऑपरेशन झालंच नाही. ती गेली तोवर काठी घेऊन न्हाणीघरापर्यंतच चालू शकत होती.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तुझाही पैसा त्यात अडकला होता, मला माहीत आहे. तुझ्या पोराच्या नोकरीसाठी साहेबांनी शब्द टाकला, तो उपकार तू विसरू शकत नाहीस, हेही कळतं. उपकार फेडायचाच तर त्यांच्या शेतावर जाऊन फेड, घरातल्या कार्याला उभा राहा. लोकांच्या दारात आपल्या दोघांच्या गावाचं नाव घेऊन मत मागू नकोस. ज्या घरांत तू जाशील, त्यातली निम्मी घरं त्या पायरीवर बसलेली आहेत.

गणपतीला येतोयस ना? चतुर्थी सत्तावीसला आहे, दोन दिवस आधीच ये. आईची ठेवपावती मी अजून तिच्या पिशवीतच ठेवलीय. तुला दाखवायची आहे. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास