बोटीवर चढण्याआधी: काय खायचं, कुठे खायचं

ऑरलँडो, फ्लोरिडा

ती. आई, बाबा आणि आत्या यांस सा. न. वि. वि.

तिकिटं झाली. मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज', रॉयल कॅरिबियन कंपनीची क्रूझ बोट, सात रात्री. फोनवर आत्याचा पहिला प्रश्न होता "मासे मिळतात का गं?" आणि शुद्ध शाकाहारी आईचा "मला काय मिळणार?" फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून लिहून पाठवते आहे. याची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा, कारण समुद्रात इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात. बोटीचं स्वतःचं ॲप मात्र फुकट चालतं. रोज संध्याकाळचा मेनू त्यातच दिसतो, ते बाबांच्या फोनवर आधीच घालून ठेवते.

ही बोट जानेवारी २०२४ पासून मायामीहून फिरते. एका खोलीत दोघं धरले तर ५,६१० प्रवासी होतात. खाण्याची ठिकाणं वीसहून जास्त आहेत, पण तुम्हाला कामाची सहा-सात. त्यातलीही बहुतेक तिकिटातच धरलेली आहेत. जिथे वेगळे पैसे लागतात तिथे मेनूवर किंमत छापलेली असते. किंमत दिसली नाही तर बिनधास्त मागा.

सगळ्यात महत्त्वाची मुख्य डायनिंग रूम, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्यावर. इथे रात्रीच्या जेवणाचे दोन प्रकार असतात: रोज आपल्या सोयीने केव्हाही जायचं, किंवा ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल. मी ठरलेल्या वेळेचं, दुसऱ्या पंगतीचं घेतलं आहे. पहिल्या पंगतीइतक्या लवकर जेवायची तुम्हाला सवय नाही, एवढंच त्यामागे नाही. रोज तेच टेबल म्हणजे रोज तोच वेटर आणि तोच हेड वेटर. सोयीने जाणाऱ्यांना रोज नवा माणूस भेटतो आणि रोज पहिल्यापासून सांगावं लागतं. आईसारख्यांचं तिथेच बिनसतं.

पहिल्या रात्री टेबलावर बसलात की मेनू उघडण्याआधी हेड वेटरला भेटायचं आहे असं वेटरला सांगा. तो आला की बाबांनी हे वाक्य म्हणायचं: "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग. मिल्क, योगर्ट, चीज ओके." नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर अंडं येतंच, एखादा मासेही चालतील असं समजतो. 'व्हीगन' म्हणालात तर दही, तूप, पनीर सगळं बंद. त्यानंतर विचारायचं: "इंडियन व्हेजिटेरियन, एव्हरी नाइट, पॉसिबल?" मेनूवर बहुधा रोज एक भारतीय शाकाहारी पदार्थ असतो, पण तो एकच. हेड वेटरने मनावर घेतलं तर वरण, एखादी भाजी, भात, पापड असं मेनूत नसलेलंही येतं. मात्र ते आदल्या रात्री सांगावं लागतं. मोठ्या भटारखान्यात उद्या काय शिजणार हे आज ठरतं, कोठारातून सामान त्याप्रमाणे निघतं. आठ वाजता टेबलावर बसून "भेंडी मिळेल का" विचारलं तर तो बिचारा हसून नाही म्हणेल. म्हणून रोज उठताना उद्याचं सांगून उठायचं. बुकिंगमध्ये मी नोंद केली आहे, तरी तोंडाने सांगाच.

हे सगळं इंग्रजीतच करावं लागेल असंही नाही. बोटींवर गोव्याची, मुंबईची मुलं पुष्कळ असतात. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश लिहिलेला असतो. 'इंडिया' दिसलं की आत्याने सरळ बोलायला सुरुवात करावी.

आता अपेक्षेबद्दल. पोळी मिळणार नाही, नान किंवा पराठा मिळेल. वरण घट्ट आणि सौम्य असेल, पनीर वारंवार येईल. 'स्पायसी' म्हटलं तर तिखट वाढवतात, पण आपल्या जिभेला तेही मवाळच. सांगलीची शेंगदाण्याची चटणी जवळ असावी असं वाटेल, पण घरी केलेलं काहीही बोटीवर नेऊ देत नाहीत. कारखान्यात सील केलेलं, न उघडलेलं, कोरडं पाकीट चालतं. तेव्हा डब्यातली चटणी, घरचे लाडू आणि ठेपले नकोत. दुकानातली सीलबंद चटणी, भडंग आणि आलेपाक चालेल. किटली, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड यांतलं काहीही बॅगेत सापडलं तर काढून ठेवतात. आगीची भीती असते, तिथे कुणाचं काही चालत नाही.

मेनूवर शाकाहारी दिसणारे पण नसलेले पदार्थ आईने पाठच करावेत. फ्रेंच अनियन सूपचा स्टॉक गोमांसाचा असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, म्हणजे छोटे मासे असतात. मिनेस्ट्रोनी नावाचं भाज्यांचं सूप कोंबडीच्या स्टॉकवर केलेलं असू शकतं. थाय करीत फिश सॉस असतो. 'मूस' नावाच्या गोड पदार्थात आणि थंड चीजकेकमध्ये जिलेटिन असू शकतं, अंडं तर बहुतेक केक-पुडिंगांत असतंच. 'एस्कार्गो' म्हणजे गोगलगायी. लसणाच्या लोण्यात येतात, वास छान येतो, फसू नका. फळांचं थंड सूप मिळालं तर जरूर घ्या. सूप कसलं, पातळ मिल्कशेकच आहे, पण बाबांनी दोन चमच्यांवर थांबावं. बाबा, साखर न घातलेला एखादा गोड पदार्थ रोज रात्री असतो. 'नो शुगर ॲडेड' असं विचारा. एक विसरू नका: फोन बंदराची वेळ आपोआप धरतो आणि बोट स्वतःच्या वेळेवर चालते. गोळ्या आणि पंगत दोन्ही बोटीच्या घड्याळाप्रमाणे.

एकच मागवायचं असं बंधन नाही. दोन सूप, तीन स्टार्टर, अर्धं-अर्धं मुख्य जेवण, काहीही चालतं. न आवडलेलं परत पाठवलं तर दुसरं आणतात, कुणी वाईट मानत नाही. सात रात्रींत दोन रात्री नटूनथटून जायच्या असतात. साडी नेसा, बाबांनी बंद बूट घाला. रात्री डायनिंग रूममध्ये अर्धी चड्डी नको.

सकाळ-दुपारसाठी पंधराव्या मजल्यावर विंडजॅमर हा बुफे आहे. दाराशी हात धुवायचे नळ आहेत, तिथे साबणाने धुवाच. बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला दाद देत नाही. सकाळी नऊ ते दहा जत्रा असते, आठच्या आत जा. दुपारी भारतीय भाग शोधा; भात, डाळ, एखादी करी असते, पण चव रोज सारखी नसते. ताट भरण्याआधी एकदा सगळीकडे नुसती चक्कर मारा. लोक पहिल्याच कोपऱ्यात ब्रेड-बटाट्याने ताट भरतात आणि चांगलं काय ते पुढे दिसतं. आईला हलत्या बोटीवर ट्रे सांभाळणं जड वाटलं तर नाश्ता डायनिंग रूममध्ये बसून घ्या. तेही तिकिटातच आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

चढायच्या दिवशी दुपारी मात्र विंडजॅमरला जाऊ नका. सगळी बोट सामानासकट तिथे लोटते. त्याऐवजी आठव्या मजल्यावर सेंट्रल पार्कमधल्या पार्क कॅफेत जा. खऱ्या झाडांमध्ये बसायला जागा आहे आणि आपल्यासमोर हवं ते घालून सॅलड करून देतात. तिथलं नावाजलेलं सँडविच बीफचं आहे, तेवढं टाळा. दुसरी जागा ॲक्वाडोम मार्केट: एकाच छताखाली पाच छोटे स्टॉल, त्यात क्रेप, मॅकरोनी-चीज आणि भूमध्य समुद्राकडचे पदार्थ. तिथलं फलाफल-हमस आईला आवडेल. एल लोको फ्रेशमध्ये टॅको आणि बरिटो. बीन्समध्ये चरबी आहे का ते विचारून घ्या. रात्री अकराला भूक लागली तर सोरेंटोज पिझ्झा. तयार तुकडे घेऊ नका, "फ्रेश, ओन्ली व्हेजिटेबल्स" म्हणा आणि दहा मिनिटं थांबा. हे सगळं तिकिटात.

चहाचं जरा सविस्तर सांगते, कारण आईचा दिवस त्यावर आहे. बोटीवरचा चहा म्हणजे गरम पाणी, पिशवी आणि थंड दूध. तीन घोट घेऊन तू ठेवून देशील. येताना मसाला चहाची सीलबंद प्रीमिक्स पाकिटं आण. विंडजॅमरच्या मशीनचं पाणी गरम असतं पण उकळतं नसतं. म्हणून आधी कपात नुसतं गरम पाणी घेऊन अर्धा मिनिट ठेव, कप तापला की ओतून टाक. मग पाकीट रिकामं करून अर्ध्या कपाच्या थोडं खालपर्यंत पाणी घे आणि ढवळ. तिथले कप मोठे असतात. एका पाकिटाला साधारण शंभर मिली पाणी पुरतं, कप भरलास तर पाणीच लागेल. बाबांसाठी बिनसाखरेचं पाकीट वेगळं. डायनिंग रूममध्ये "हॉट मिल्क" मागितलं तर छोट्या किटलीत आणून देतात, मग पिशवीचा चहाही बरा होतो.

साधी कॉफी, चहा, दूध, लेमोनेड, आइस्ड टी, साधं पाणी आणि नाश्त्याचा मशीनचा ज्यूस फुकट. कोला, ताजा काढलेला ज्यूस, बाटलीबंद पाणी, कॅपुचिनो यांना पैसे, आणि त्यावर १८ टक्के टिप आपोआप लागते. चढताच ड्रिंक पॅकेज विकणारे भेटतील. तुम्ही तिघंही घेत नाही, हसून पुढे जा. खोलीवर जेवण मागवलं तर दर वेळी सुमारे आठ डॉलर अधिक टिप. फक्त सकाळचा साधा ब्रेड-फळांचा नाश्ता खोलीवर फुकट येतो. रोजची टिप मी आधीच भरली आहे. हेड वेटरने आईसाठी खरंच वेगळं करून घातलं तर शेवटच्या रात्री पाकिटात वीस-तीस डॉलर द्या. सक्ती नाही, रीत आहे.

पैसे देऊन खायच्या जागांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चॉप्स ग्रिल मांसाचं हॉटेल आहे, तुम्ही तिथे बटाट्याचे पैसे द्याल. इझुमीत तव्यावर समोर शिजवतात, बघायला मजा, पण तवा सगळ्यांचा एकच. आईला जमणार नाही. एम्पायर सपर क्लब फार महाग आहे. आई-बाबांनी एकदा जायचंच तर जोव्हानीजमध्ये जा. इटालियन आहे, ताजा पास्ता, पिझ्झा, भाज्यांचे पदार्थ मिळतात आणि वेळ निवांत जातो. दुपारी उघडं असेल त्या दिवशी गेलात तर रात्रीपेक्षा स्वस्त पडतं.

आत्या, तू रत्नागिरीची झाल्यापासून माशांत तडजोड करत नाहीस, म्हणून आधीच सांगते: सुरमई-पापलेट शोधू नकोस. सॅमन, कॉड, कोळंबी असं असतं. मसाला जवळजवळ नाही, लिंबू-लोणी. चिली फ्लेक्स आणि टबॅस्को मागून घे. सात रात्रींच्या फेरीत एका रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये लॉबस्टरची शेपटी असते, ती तिकिटातच. कुठल्या रात्री ते वेटरला पहिल्या दिवशीच विचार आणि त्या रात्री दुसरीकडे जेवू नकोस. 'हुक्ड' हे माशांचं वेगळं हॉटेल आहे, पैसे लागतात, पण एक संध्याकाळ तुझ्यासाठी घालवण्यासारखं आहे. तिथले ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, पण कच्ची, बर्फावर. त्यातल्या जंतूंनी साठीनंतर जास्त त्रास होऊ शकतो, तेव्हा नकोच. चाउडर म्हणजे तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांचं दाट, दुधाळ सूप. त्यात बहुधा बेकन असतं, विचारून घे.

एक दिवस बोट कोकोकेला, बहामाजमधल्या कंपनीच्या बेटावर लागेल. तिथली मोठी ग्रिल्स फुकट असतात. दोन-अडीचच्या आत जेवा, नंतर आवराआवर सुरू होते. स्नॅक शॅकमध्ये आईला फ्राइज, तळलेल्या चीजच्या कांड्या आणि फनेल केक मिळेल. फनेल केक दिसायला आपल्या जिलबीचा चुलतभाऊ, पण त्यात अंडं असतं, म्हणून तो आत्याला द्या.

आई, तुझी संकष्टी फेरीतच येते आहे. साबुदाणा विसर. सकाळी केळी, अननस, कलिंगड, साधं दही. रात्री भाजलेला अख्खा बटाटा, "प्लेन बेक्ड पोटॅटो, नो पेपर", आदल्या दिवशी सांगून. सैंधवाची पुडी सीलबंद घे. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ तिकडची आहे, इथे ती धरू नकोस. तिथीही एक दिवस आधी येऊ शकते. त्या आठवड्याची इथली वेळ मी लिहून देईन.

बोट हलली आणि मळमळलं तर उपाशी राहू नका. हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं आणि आलेपाक थोडं थोडं खा. बोटीवरचे लोकही सफरचंदच देतात.

बंदरावर उतरताना आणि शेवटच्या दिवशी मायामीला पर्समध्ये केळं किंवा सँडविच नको. बुफेतलं काहीच बाहेर न्यायचं नाही, शेतीच्या रोगांमुळे कायदा कडक आहे आणि दंड होतो. आई, मी तुला ओळखते, "वाटेत लागेल" म्हणून तू उचलशील. उतरल्यावर गाडीत मी पोहे घेऊन येते.

तुमची,
धाकटी

ता. क. भडंगाची पाकिटं चार नको, सहा आणा. दोन माझ्याकडेच राहतील.