सात ब्रिक्सचं कोडं

डर्बी, रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र आलं. आधी कामाचं सांगतो: तुझ्या घरच्या बिअरचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, मोरीत रिकामा करू नकोस. आणि आणखी साखर तर अजिबात घालू नकोस.

तुझे आकडे कागदावर मांडून बसलो. ३ किलो ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीतून काढलेल्या साखरेची पूड), १० लिटर पाण्यात उकळलंस, वरून थंड पाणी ओतून २३ लिटर केलंस. कृतीत ग्रॅव्हिटी (पाण्याच्या १.००० च्या तुलनेत घनता, साखर आंबत गेली की ती उतरते) १.०४८ लिहिलेली, तुझा हायड्रोमीटर, ती मोजणारी तरंगती काचनळी, म्हणाला १.०३८. म्हणून तू अर्धा किलो साखर विरघळवून ओतलीस. आता दोन आठवडे झाले, नवा रिफ्रॅक्टोमीटर ७ ब्रिक्स, म्हणजे शंभर भागांत ७ भाग साखर, दाखवतो, तक्त्यात बघितलं तर १.०२८, आणि काटा काही खाली येत नाही. यीस्ट मेलं, असं तू ठरवूनच टाकलंयस.

पण पत्राच्या शेवटी सहज एक वाक्य टाकलंयस, की चव गोड नाही, उलट घशाला जरा गरमच लागते. अरे, खरोखर १.०३८ वरून १.०२८ वर आली असती तर त्यात सव्वा-दीड टक्का अल्कोहोल असतं आणि गोडवा ओठाला चिकटला असता. तुझी जीभ एक सांगते आणि यंत्र दुसरंच. मी जिभेच्या बाजूनं आहे.

हिशेब बघ. १ किलो ड्राय एक्स्ट्रॅक्ट १ लिटरमागे साधारण ३६७ पॉइंट देतं (१.००० च्या वरचा प्रत्येक ०.००१ म्हणजे एक पॉइंट). ३ गुणिले ३६७ भागिले २३, आले ४८. धान्य भिजवून बिअर करणाऱ्याचं वेगळं, त्याचं दळण जाड झालं किंवा मॅशचं, म्हणजे त्या भिजवणाचं, तापमान चुकलं तर साखर दाण्यातच राहते आणि आकडा खरोखर पडतो. तुझी साखर तर कारखान्यानं आधीच काढून, सुकवून, पिशवीत भरून दिलेली. ती जाणार कुठे? वजन बरोबर आणि पाणी बरोबर, तर ४८ च. फक्त बादलीवरच्या लिटरच्या खुणा एकदा मापानं पाणी ओतून तपास, त्या बऱ्याचदा थापा मारतात. २५ लिटर झालं असेल तर ४४ येतील, पण ३८ नाही.

मग ३८ आले कुठून? घट्ट वर्ट, म्हणजे न आंबलेलं माल्टचं गोड पाणी, तळाशी बसतो, पातळ पाणी वर राहतं. चार वेळा पळी फिरवून ते एकजीव होत नाही, चांगली पाच-सात मिनिटं घुसळावं लागतं. तू नमुना वरून घेतलास. शिवाय तो कोमट होता म्हणतोस. हल्लीचे बरेचसे हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात, ४० अंशांवर ते सहाएक पॉइंट कमी दाखवतात. दोन्ही मिळून दहाचा खड्डा सहज पडतो. यीस्टला मात्र काही अडचण नव्हती. आंबायला लागल्यावर सगळं आपोआप ढवळलं जातंच.

त्यात तुझी साखर. अर्ध्या किलोचे आणखी ८ पॉइंट. म्हणजे तू सुरुवात १.०५६ वर केलीस.

आता ते ७ ब्रिक्स. तुमच्या वाळव्याच्या मळ्यात कारखान्याच्या शेती खात्याचा माणूस उसाच्या रसाचा थेंब त्या दुर्बिणीसारख्या नळीत टाकून ब्रिक्स बघायचा, आठवतं? तिथे आकडा खरा, कारण रसात दारू नाही. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतच नाही, प्रकाश किती वाकतो ते बघतो, आणि अल्कोहोलही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. म्हणून आंबलेल्या बिअरमध्ये तो नेहमी फुगवून सांगतो. सुरुवातीचा आकडा धरून दुरुस्ती करावी लागते, त्याचे कॅल्क्युलेटर फुकट मिळतात. १.०५६ आणि ७ ब्रिक्स घातले की उत्तर येतं १.०१२ च्या आसपास. म्हणजे पावणेसहा टक्के! घसा गरम होणारच. (तू जर कॅल्क्युलेटरमध्ये तुझे ३८ घातले असतेस तर दुरुस्तीही चुकली असती, हे लक्षात ठेव.)

तरी माझ्या हिशेबावर बाटल्या भरू नकोस. हायड्रोमीटर आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात सोड, १.००० आलं पाहिजे. मग १०० ग्रॅम साखर ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवून त्यात बघ, १.०४० यायला हवं. हायड्रोमीटरच्या नळीतला आकड्यांचा कागद सरकलेला असला तर इथेच कळेल. नंतर बिअरचा नमुना दोन पेल्यांत वरखाली ओतून त्यातला वायू घालव, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा पुन्हा जास्त येतो. बुडबुडे गेले की मोज. दोन-तीन दिवसांनी परत मोज.

दोन्ही वेळा तोच आकडा आणि तो १२ च्या जवळ, तर भर बाटल्या. २० च्या वर निघाला तर मात्र थांब. चार पॉइंट जरी आंबायचे राहिले तरी बाटलीत प्रायमिंगच्या, म्हणजे फेसासाठी भरताना घालायच्या, साखरेइतकाच वायू पुन्हा तयार होतो, आणि काच फुटते. अशा वेळी पेलाभर बिअरमध्ये पावाचं यीस्ट भरपूर घालून ती उबेला ठेवायची. तिचा आकडा खाली उतरला तर बादलीतलं यीस्ट सुस्तावलंय, गॅरेजमधून घरात आण, २० अंशांवर ठेव. तिचाही नाही उतरला तर आंबण्यासारखी साखर उरलेलीच नाही.

गंमत म्हणजे याच आकड्यावर इथे ब्रिटनमध्ये बिअरचा कर चालायचा. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टननं माल्टवरचा कर काढून वर्टच्या ग्रॅव्हिटीवर लावला, तो पार १९९३ पर्यंत. सरकारी माणूस आंबण्यापूर्वी मोजायचा. तुझ्या ३८ वर त्यानं कर घेतला असता तर तू फायद्यात होतास.

हायड्रोमीटरचे दोन आकडे आणि नमुन्याचं तापमान, एवढंच कळव. बादलीचे फोटो नकोत, त्यात फेसाशिवाय काही दिसत नाही. वहिनींना नमस्कार सांग आणि स्वयंपाकघराचा ओटा पुसून ठेव, माल्ट वाळलं की घासूनही निघत नाही.

तुझा,
पक्या