चार मासे पुरेत, शुभा

ठाणे
रविवार, दुपार

प्रिय शुभा,

तुझं पाकीट परवा मिळालं. आत खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत तुला हव्या असलेल्या माशांची यादी आणि तिच्या मागच्या बाजूला चिनूने पेन्सिलीने काढलेली टाकी. त्याने प्रत्येक माशाला नाव दिलंय आणि समुद्रघोड्याला चक्क टोपी घातलीय. ते चित्र मी फ्रिजला लावलंय. यादी मात्र तीनदा वाचली आणि फोन करण्याऐवजी लिहायलाच बसले. फोनवर आपण मुलांच्या शाळेवर आणि काकूंच्या गुडघ्यावर जातो आणि हे राहून जातं.

तू बारा वर्षं गोड्या पाण्याची टाकी सांभाळली आहेस. पाणी बदलणं, फिल्टर धुणं, आजारी मासा ओळखणं हे तुला मी शिकवायला नको. पण खाऱ्या पाण्यात एक गोष्ट पार वेगळी आहे. गप्पी आणि मॉली कुणाच्याही शेजारी राहतात. रीफवरचा, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ-खडकांत राहणारा मासा मात्र आधी जागा बघतो, मग शेजारी.

हे मला मालवणला कळलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून तरंगत होते. खाली एका खडकावर हाताच्या पंजाएवढा, काळ्या पट्ट्यांचा एक मासा होता. मी जरा पुढे सरकले तर तो सरळ माझ्या डोळ्यांवरच्या काचेवर धावून आला. मागे वळला, परत आला, परत धडकला. मी त्याच्या शंभरपट मोठी, पण त्याला त्याचं काहीच नव्हतं. बरोबरच्या मुलाने मला हाताने बाजूला ओढलं आणि खडकावरचा जांभळट डाग दाखवला. अंडी होती ती. बाप राखण करत होता. मी दोन हात मागे आले तसा तो शांत झाला. त्याची हद्द तेवढीच होती, आणि मला मागे सरकायला अख्खा अरबी समुद्र होता.

तुझ्या टाकीत मागे सरकायला जागा नाही, शुभा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे कागदावर १२७ लिटर. खडक आणि वाळू टाकलीस, वर बोटभर मोकळं सोडलंस की हातात राहतं साधारण १०० लिटर. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथंच संपतं. टाकीत हरलेला मासा दुसऱ्या कोपऱ्यात जातो, आणि तो कोपराही जिंकलेल्याचाच असतो. म्हणून मासे निवडताना रंग सगळ्यात शेवटी बघ.

आता यादी. आधी काट मारते, रागावू नकोस.

डोरी, म्हणजे ब्लू टँग. दुकानात दोन इंचाचा असतो म्हणून वाटतं मावेल. हा मासा वाढून फूटभर होतो आणि दिवसभर पोहत राहणारी जात आहे. तुझ्या टाकीत त्याने एक वळसा घेतला की काच आली. लायनफिशही नको. त्याच्या तोंडात जे मावतं ते तो गिळतो, आणि तुझे बाकीचे सगळे मासे त्याच्या तोंडात मावतील.

समुद्रघोडा चिनूचा लाडका आहे, पण त्याला खरं कारण सांग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे समुद्रघोड्यांना आणि कठीण प्रवाळाला संरक्षण आहे. कुणी कितीही हळू आवाजात "मॅडम, मागे ठेवलंय" म्हणाला तरी जिवंत प्रवाळाचा तुकडा घेऊ नकोस. माझ्या टाकीत एकही नाही. कोरडा आणि सिरॅमिकचा खडक रचून, त्यात कपारी ठेवून मी रीफ उभी केली आहे. वर्षभरात त्यावर गुलाबी-जांभळं शेवाळ चढलं आणि खडक जुना दिसायला लागला. माशाला कपार लागते. ती कशाची आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

मँडरिनबद्दल मात्र जरा जास्त लिहिते, कारण तो मी आणला होता.

तितका सुंदर मासा मी दुसरा पाहिला नाही. निळ्यावर केशरी नक्षी, एखाद्या पैठणीच्या पदरासारखी. खडकावर हळूहळू सरकत एकेक टिपत जातो. काय टिपतो, तर कोपेपॉड, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, आणि तेही दिवसभर, शेकड्यांनी. नव्या छोट्या टाकीत तो दोन-तीन आठवड्यांत सगळे संपवतो. मग तू गोठवलेला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव घाल, महागातलं खाद्य घाल, बहुतेक मँडरिन त्याकडे बघतही नाहीत. माझा अडीच महिने जगला. रोज टिपत होता, म्हणून मला वाटायचं खातोय. मग एके दिवशी त्याला वरून पाहिलं तर डोक्यामागे पाठ दोन्ही बाजूंनी खपाटीला गेली होती. खात नव्हता, शोधत होता. त्यानंतर मी ठरवलं की ज्याचं अन्न माझ्याकडे नाही तो मासा घरात आणायचा नाही.

राहिले तीन निळे डॅमसेल. स्वस्त, चिवट, आणि निळा रंग असा की नजर हटत नाही. नव्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू वाढायला वेळ लागतो, त्यासाठी मला दुकानदाराने सांगितलं होतं, "पाणी मुरवायला आधी हा टाका, मरत नाही." खरंच मेला नाही. दोन महिन्यांत अख्खी टाकी त्याची झाली. मग मी फायरफिश आणला. पांढरं अंग, शेपटीकडे लाल होत जाणारं, पाठीवर उभा लांब तुरा. अतिशय भित्रा मासा. डॅमसेलने त्याला पहिल्या तासापासून खडकाबाहेर राहू दिलं नाही आणि आतही जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी फायरफिश टाकीत नव्हता. स्टँडमागे फरशीवर सापडला, वाळलेला, तुरा तसाच ताठ. झाकणाच्या मागे वायरसाठी चार बोटं फट होती, तेवढ्यातून त्याने उडी मारली होती. आणि त्या डॅमसेलला पकडायला मला सगळे खडक बाहेर काढावे लागले. तुझ्या यादीत तर असे तीन आहेत.

तीच गोष्ट सिक्सलाइन रास नावाच्या माशाची. दिसायला गोंडस, पण लहान टाकीत नंतर आलेल्याला छळतो. आणि हिरव्या क्रोमिसचा थवा छान दिसतो म्हणून कुणी पाच घ्यायला सांगेल. ते एकमेकांना मारत मारत शेवटी एक-दोन उरतात.

आता ठेवायचे कोण ते सांगते.

क्लाउनफिशची जोडी ठेव. तुझी आणि चिनूची ही निवड अगदी बरोबर आहे. फक्त दोन्ही एकाच जातीचे आणि लहान वयाचे घे, एक थोडा मोठा, एक छोटा. हे सगळे जन्माला येतात ते नर म्हणूनच. दोघांतला जो वरचढ ठरतो त्याची मादी होते आणि दुसरा नरच राहतो. पहिले काही दिवस मोठी छोट्याला हुसकावेल आणि छोटा तिच्यासमोर आडवा होऊन थरथरेल. घाबरू नकोस, तो "तू मोठी" असं कबूल करतो. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर मात्र एक मरते, म्हणून आकार बघून घे. समुद्रफूल, म्हणजे क्लाउन समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतो तो फुलासारखा प्राणी, आणायच्या भानगडीत पडू नकोस. त्याला तीव्र प्रकाश आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते, शिवाय ते जागा सोडून चालत जातं आणि पंपात ओढलं गेलं तर सगळं पाणी नासवतं. क्लाउनचं त्याच्यावाचून अडत नाही. माझी जोडी मातीच्या आडव्या कुंडीत झोपते.

आणि शक्यतो हॅचरीतले क्लाउन माग. आपल्याकडे सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत त्यांची पैदास करून दाखवली आहे. हॅचरीतलं पिल्लू लहानपणापासून दाणा खातं आणि काचेला घाबरत नाही. समुद्रातून पकडलेल्या माशाने वाटेत काय सोसलं ते कळायला मार्ग नसतो. काही देशांत मासे सायनाइडने गुंगवून पकडतात. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आठवड्यात जातो.

दुसरा, पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्याबरोबर एक पिस्तूल श्रिंप, म्हणजे एका जातीची कोळंबी. शुभा, हे दोघं आण म्हणजे तू टीव्ही बघायची नाहीस. गोबी म्हणजे आपल्या खाडीतल्या निवटीच्या गोतावळ्यातला, तसेच वर आलेले डोळे. श्रिंपला नीट दिसत नाही, पण बीळ खणण्यात पटाईत. ती आत खणते, वाळूचा ढिगारा पुढच्या नांग्यांनी ढकलत दाराशी आणते आणि बाहेर येताना एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दारात बसून पहारा करतो. काही हललं की शेपटी किंचित फडफडवतो, मिशीला ते कळतं आणि ती झटकन आत. धोका मोठा असेल तर तोही तिच्या पाठोपाठ. मी चहाचा कप घेऊन बसते आणि तो गार होतो. रात्री मधेच "टक्" असा आवाज येईल, काच तडकल्यासारखा. पहिल्यांदा मी बॅटरी घेऊन चारी काचा तपासल्या होत्या. तो तिच्या मोठ्या नांगीचा आवाज. एक काळजी घे: खडक वाळूवर ठेवू नकोस, आधी खडक तळाच्या काचेवर पक्के बसव आणि मग भोवती दोन-तीन इंच वाळू घाल. नाहीतर ही खणत खडकाखाली जाईल आणि खडक तिच्यावरच बसेल.

तिसरा, फायरफिश, एकच. माझ्याकडे आता आहे आणि तीन वर्षं मजेत आहे, कारण डॅमसेल नाही आणि झाकणावर बारीक जाळी आहे, वायरच्या फटीवरसुद्धा.

म्हणजे दोन क्लाउन, एक गोबी, एक फायरफिश. बघ कसे बसतात: गोबी तळाशी, फायरफिश खडकासमोर मधल्या पाण्यात, क्लाउन वरच्या कोपऱ्यात. कुणी कुणाच्या दारात नाही. बरोबर एक क्लीनर श्रिंप आणि शेवाळ खायला चार-पाच गोगलगायी. पाचवा मासा सहा महिन्यांनी, आणि तो चिनूने निवडायचा. त्याच्यापुढे दोन नावं ठेव. रॉयल ग्रामा, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, कपारीच्या छताला उलटा लटकून राहतो. किंवा बांगाई कार्डिनल, ज्याचा बाप अंडी तोंडात सांभाळतो आणि तोवर जेवत नाही. बांगाई घेतलास तर पैदाशीचाच घ्यायचा. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवती तो आता संकटात आहे.

सोडण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. भित्रा आधी, दांडगा शेवटी. पहिला फायरफिश, दोन-तीन आठवड्यांनी गोबी आणि श्रिंप, सगळ्यांत शेवटी क्लाउन. क्लाउन आधी सोडलेस तर तेही मालक होतात. नवा मासा सोडताना दिवे बंद ठेव.

त्याआधी प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टबमध्ये. ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, बस्स. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध टबमध्येच द्यायचं. मोठ्या टाकीत ते घातलंस तर श्रिंप आणि गोगलगायी मरतील आणि तांबं खडकात मुरून बसेल. दुकानात मासा पसंत पडला की "याला खायला घाला" म्हणून सांग. समोर खाल्लं नाही तर रिकाम्या हाताने परत ये, कितीही लांबून गेली असलीस तरी.

पाण्याचं तुला पटकन सांगते. आरओचंच पाणी, मीठ मिसळल्यावर घनता १.०२५, तापमान २५ ते २७. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची. कोल्हापूरच्या एप्रिलसाठी पाण्यावर छोटा पंखा लाव, दोनेक अंश उतरतात. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीचा एअर पंप आधीच घेऊन ठेव. आणि टाकी मुरवायला मासा नको. बाजारातली एक सोललेली कोळंबी टाक, ती कुजू दे. अमोनिया वर जाईल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील. चार ते सहा आठवडे लागतात. चिनूला वहीत रोजचे आकडे लिहायला सांग. रिकाम्या टाकीसमोर इतके दिवस बसायला त्याला काहीतरी हातात हवं.

दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले की मला कळव. मी शनिवारच्या गाडीने येते, आपण दोघी मिळून फायरफिश बघायला जाऊ. झाकणाची जाळी मी इथूनच कापून आणीन, फक्त टाकीचं आतलं माप मिलिमीटरमध्ये पाठव, आणि वायर कुठल्या कोपऱ्यातून येणार तेही.

काकूंना नमस्कार सांग. चिनूला सांग, टोपीवाला समुद्रघोडा माझ्या फ्रिजवर आहे.

तुझी,
अंजू